सांडव्याआधीची ओटी

१८ नोव्हेंबर

सरपंच बायकांच्या शिबिरात मॅडम म्हणल्या, रोज चार ओळी लिवत जा, म्हंजे उद्या कोण तुमाला फिरवू शकणार न्हाई. डायरी कारखान्याची हाय, गेल्या सालची. असूंदे. कागद काय शिळा होत न्हाई.

तर मी मंगल. वरच्या वाडीची, धनगराची सून, आन यंदा सगळ्या गावाची सरपंच. जागा बाईची निघाली म्हणून झाली असं गावातले म्हणतात. म्हणूंद्यात. आमच्या मालकांचं नाव सिद्धू. तोंडानं घेत न्हाई, पण कागदावर घ्यायला काय जातंय?

आज घरात वाजलं. दिवाळी झाली की वाडीतली मेंढरं कृष्णाकाठी जातात, कुंडलच्या अंगाला. ऊस तुटला की त्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत, आपल्याला धान्य, मेंढराला पाला आन पाणी. पिढ्या गेल्या ह्यात. यंदा तर पावसानं तोंडच दावलं न्हाई, तलावात भेगा पडल्यात. हे म्हणले, उद्या निघतो. मी म्हणलं, निघायचं न्हाई.

"पाटाचं पाणी येणार हाय. सरकारनं आपला तलाव भरून द्यायचं ठरवलंय, पिण्याला आन जनावराला. वाडीच उठून गेली तर अधिकारी म्हणतील, हितं माणसंच न्हाईत, पाणी कुणाला सोडायचं?"

"आन न्हाई आलं म्हंजे?"

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

ह्यांनी तंबाखू मळून दाढंत धरली. मग म्हणले, "तुझ्यावर हाय. पाटावर न्हाई."

पण थांबले. सरपंचाचीच मेंढरं थांबली म्हणल्यावर वाडीतली बाकीची बी थांबली. आता पाणी आलं न्हाई तर माझं तोंड आन ह्यांचा कळप, दोन्ही गेलंच म्हणायचं. पण येणार हाय. मंजुरी मी माझ्या डोळ्यानं बघितलीया.

२ डिसेंबर

कुंडलच्या नाथाजी सुभेदारांचा फोन. पलटणीतनं रिटायर झालेला माणूस, दर साली आमची मेंढरं ह्यांच्याच रानात बसतात. "सिद्धू कवा येतोय? फड तुटला, रान मोकळं पडलंय."

मी म्हणलं, "यंदा न्हाई येत काका. आमच्याकडंच पाणी येतंय."

ते हसले. "आमची कृष्णा पंपानं वर चढवून नेलीसा, आता मेंढरं बी तिकडंच? बरं हाय की बाई. पण पाणी दिसल्याबिगर बाटली रिकामी करू नये, असं आमच्या पलटणीत शिकवायचे."

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं कोण हुतं. मी म्हणलं, बँकेचा हुता. उगं मन हलायचं.

९ जानेवारी

टँकर एक दिवसाआड येतो, वाडीच्या हिरीत पाणी सोडतो. सोडलं की बायकांची नुसती झुंबड. आज दोघी घागरीनं एकमेकीला मारायला उठल्या. मी मधी पडले तर म्हणतात, "तू सरपंच हायस तर तुझी घागर शेवटची." लावली शेवटची. सरपंच झाल्याचा एवढाच फायदा मला आजपातूर झालाय.

आमच्या आत्ती, म्हंजे सासूबाई रंगुबाई, आपल्या वाट्याचं पाणी आधी मेंढराच्या डोणीत वतत्यात, मग घरात आणतात. डोण लाकडाची, त्यांच्या सासऱ्यानं कोरलेली. मी म्हणलं, "आवं आत्ती, आधी माणसाचं बघा." तर म्हणतात, "डोण कोरडी ठिवू न्हाई. तडकती."

पंचायतीतनं येताना मानसिंगरावांच्या रानावरनं आले. मानसिंगराव आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या पोरानं, ऋषिराजनं, द्राक्षाच्या बागंजवळ शेततळं काढलंय. निळा कागद आथरलाय, आत धा एसट्या मावतील एवढं. पाट बी तिथनंच खाली आमच्या तलावाला येतो. शिकलेलं पोरगं हाय, पुढचं बघून काम करतं. आपल्या वाडीतल्या पोरास्नी कवा सुचायचं असलं?

११ फेब्रुवारी

आलं! पाटाचं पाणी तलावाच्या तोंडाला आलं! बायका पळत गेल्या, म्हाताऱ्यांनी डोळ्याला लावलं. मी लाज सोडून ह्यांच्या समोरच फुगडी घातली. हे हसले. नोव्हेंबरपासनं पहिल्यांदा.

दुपारी मानसिंगरावांचा फोन. "ताई, जलपूजन उरकून घेऊ. निवडणुकीची आचारसंहिता लागली की काय करता येणार न्हाई."

मी म्हणलं, "घेऊ. पण ओटी मी भरणार. गेल्या टायमाला दुसऱ्या गावात तुमच्या घरातनं भरली, सरपंचबाई मागं ताट धरून उभी. तसं आमच्यात चालायचं न्हाई."

मला वाटलं वाद घालतील. तर लगेच म्हणले, "तुमीच भरा ताई. तुमच्याच हातनं शोभंल. फोटोत बी पुढं तुमीच." बाईला मान देणारा माणूस हाय, लोक उगं काय बी बोलतात.

१३ फेब्रुवारी

आत्ती दोन दिस फुगून बसल्यात. आज बोलल्या. "तलावाची ओटी सांडव्यावरनं पाणी पडल्याबिगर भरत न्हाईत, मंगल. पोटुशी बाईची बी सातव्यात भरतात. दिवस राह्यले म्हणल्यावर लगीच कोण खण घिऊन पळतं का?"

"पाणी काय बाई हाय का आत्ती?"

"मग ओटी कुणाची भरतीयास?"

 जुनी माणसं. त्यांचं ऐकत बसलो तर गावाला कवाच पाणी यायचं न्हाई.

२० फेब्रुवारी

काळजी लागलीया. पूजा तीन दिसांवर आली आन पाणी काय पुढं सरकंना. भेगाच पिऊन टाकत्यात. तोंडाजवळ एक डबकं साचलंय, म्हशी लोळतील एवढं. मानसिंगरावांचा माणूस बघून गेला आन कपाळाला हात लावला. "साहेब एवढ्या डबक्यात उभं राहणार का?"

पप्पू, आमचा चुलत दीर, फोटो-फ्लेक्सचं दुकान हाय त्याचं, म्हणला, वहिनी तारीख पुढं ढकला. पुढं ढकलायला आचारसंहिता आमच्या बापाची हाय का?

मग मीच सांगितलं. व्हय, मीच. माझा बाप मेंढरं घेऊन वढ्यावढ्यानं हिंडायचा. वढ्यात वीतभर पाणी असलं तर आडवा मातीचा बांध घालायचा, म्हंजे पसरतं ते एका जागी उभं राहतं आन आख्खा कळप पितो. थोडं पाणी लय कसं करायचं हे धनगराच्या लेकीला शिकवाय नको. मी म्हणलं, जेसीबी आणा, घाटाच्या पायऱ्यांच्या अंगानं गाळ उकरून बांध घाला, डबकं तिकडं वळवा. सांजपातूर पायऱ्यांपाशी पोटरीला लागंल एवढं पाणी उभं राह्यलं. मानसिंगरावांच्या माणसानं हात जोडलं. "ताई, इंजिनेराला जमलं नसतं."

लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

२३ फेब्रुवारी

जलपूजन झालं. जांभळं नऊवार नेसले. मंडप, हलगी, गुलाल. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू सगळं सुपात घेऊन पाण्यात उतरले. मानसिंगराव मागं, मी पुढं, सांगितल्यापरमानं. पप्पू पायरीवर आडवा पडून मोबाईल पाण्याला टेकवून फोटो काढत हुता. फोटो दावला तर मी दर्यात उभी हाय असं वाटतंय. पार बांधापातूर पाणीच पाणी.

आत्ती आल्या न्हाईत. हे आलते, पण लांब बाभळीखाली बसले. मेंढरं घेऊन यायला काय झालतं? फोटोत बरं दिसलं असतं.

२५ फेब्रुवारी

पेपरात आलं. "तलाव तुडुंब, महिला सरपंचाच्या हस्ते जलपूजन." रस्त्याच्या कडंला मोठा फ्लेक्स लागला. "पाणी आलं दारात!" मी एकटी माणसाच्या तिप्पट. लेक अपेक्षा म्हणती, आई, एसटीतल्या बाया तुलाच बघत हुत्या. मी उगं नको नको केलं.

२ मार्च

पाट बंद. पाण्याची पाळी खालच्या गावास्नी गेली म्हणतात. परत येईल. डबकं हाय तेवढंच हाय.

७ मार्च

टँकर आला न्हाई.

९ मार्च

आज बी न्हाई. काल शिवरात्र, उपास हुता म्हणून बायका गप बसल्या. आज सगळ्या दारात. ड्रायव्हरला फोन लावला तर म्हणतो, "मॅडम, तुमच्या गावाची फेरी बंद झाली. तलाव भरल्याली गावं यादीतनं काढली."

मी म्हणलं, कुणी सांगितलं भरलाय?

"तुमीच की. पेपरात हाय तुमचा फोटो."

गावच्या ग्रामसेवकास्नी, भाऊसाहेबांना गाठलं. "तलाव कोरडा हाय, टँकर परत मागा, आजच्या आज कळवा." ते म्हणले, "कळवतो. पण साहेबांना एकदा विचारतो." कुठल्या साहेबांना ते मी विचारलं न्हाई. वाटलं, तालुक्याच्या.

१८ मार्च

आचारसंहिता लागली. मानसिंगराव म्हणतात, "ताई, आता माझे हात बांधलेत. निवडणूक होऊंद्या, टँकरची रांग लावतो. आन आता तुमीच तलाव कोरडा म्हणून वरडायला लागला तर लोक काय म्हणतील? ओटी कुणी भरली?"

सरकारी माणसं येऊन फ्लेक्सवर पांढरं फडकं बांधून गेली. आत मीच. वाऱ्यानं फडकं फडफडतं आन मधनंच माझा बांगड्यांचा हात दिसतो.

३ एप्रिल

बायका दोन कोस लांब बोअरला जातात. मी जाते तवा माझ्याशी कोण बोलत न्हाई, आन जागा बी देत न्हाई. एकीनं मागनं ऐकवलं, "दारात पाणी आलंय की, हितं कशाला आलीस?" खालमानेनं घागर भरली.

मेंढरं त्या डबक्यावर. हिरवं झालंय, वास मारतं. तरी पितात. काय करतील?

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभी केली. गोड काय केलं न्हाई.

ह्यांनी नाथाजी सुभेदारांना फोन लावला. मी भिताडाआडनं ऐकलं. "काका, येऊ का आता? ... व्हय ... व्हय. न्हाई, तुमची काय चूक." फलटणकडचा एक कळप यंदा त्यांच्या रानात बसला, आता तिथं नव्या उसाची लागण बी झाली. आन फोन ठेवताना सुभेदारांनी ह्यास्नी सांगितलंच असणार, डिसेंबरात मी बाईला ईचारलं हुतं म्हणून. कारण फोन झाल्यावर हे मला म्हणले, "बँकेचा हुता व्हय तो?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल

नखातला गाळ अजून निघाला न्हाई. तरी लिवते.

डबकं आटून नुसता राप झालाय, चिखलाचा. वरनं वाळल्यासारखा दिसतो, पण जेसीबीनं उकरलेला गाळ आतनं कमरंएवढा मऊ. मधोमध ओंजळभर पाणी चमकत हुतं. त्याच्या आशेनं म्होरकी मेंढी आत शिरली, आन मेंढराची जात, एक गेलं की सगळी जातात. हे वरडत पळाले. मी पोचले तवा पोटापातूर रुतलेली, माना वर करून वरडत हुती. आमी, वाडीतली चार माणसं, पोटावर झोपून कान धरून, पाय धरून वढली. काही निघाली. काही निघाली न्हाईत. निघालेल्यातली बी काही काठावर येऊन आडवी झाली.

ह्यांनी म्होरकीला खांद्यावर घेतली तर तिच्या पायात लाल खण गुंडाळला हुता. माझा. ओटीतला. ह्यांनी तो सोडवला, पिळला आन माझ्या हातात दिला. 

मुडदा बशिवला त्या फोटोचा. आन माझ्या अकलंचा.

२१ एप्रिल

राहिलेली मेंढरं आज दलालाला दिली. गाडीत चढवताना एक कोकरू उलटं फिरून आमच्या दारात आलं. हे उठले न्हाईत, म्हणून मीच धरून नेलं.

२९ एप्रिल

कुणाला न विचारता तालुक्याला गेले. डोक्यावर पदर न्हाई, पायात चप्पल न्हाई, तशीच. टंचाईचं काम बघणाऱ्या बाई साहेब हुत्या, वयानं माझ्याएवढ्या. म्हणलं, आचारसंहिता हाय, ठाऊक हाय, पण माणसं मरतील.

त्या म्हणल्या, "पिण्याच्या पाण्याला आचारसंहिता आडवी येत नाही. तुमच्या गावातनं मागणीच आली नाही."

मागणीच आली न्हाई. दीड महिना मी भाऊसाहेबाला रोज विचारते, रोज म्हणतो वर पाठवलंय. आता कळलं त्याचा 'वर' कुठं हाय ते.

बाईंनी कंप्युटरवर माझा फोटो काढला. "हा तलाव तुमचाच ना? दोन महिन्यांत आटला?"

सांगू का नको? व्हय म्हणलं असतं, आटला, ऊन लय हाय, तर माझी अब्रू राहिली असती. तिथं दुसऱ्या गावचे दोघं-तिघं बसलेले. मी म्हणलं, "आटला न्हाई साहेब. भरलाच नव्हता. फोटोपुरता बांध घातला. मीच घालायला लावला."

खोलीत एक माणूस हसला. बाई हसल्या न्हाईत. म्हणल्या, मी स्वतः बघायला येते.

४ मे

बाई साहेब येऊन तलाव बघून गेल्या. रापात पाय घालून बघितला. मानसिंगराव दिवसभर फोन करत हुते, मी उचलला न्हाई. सांजंला दारात आले. "ताई, घरचं भांडण चावडीवर न्यायचं नसतं." मी म्हणलं, "दादा, तलाव माझं घर न्हाई आन तुमचं बी न्हाई." ते गेल्यावर दाराला कडी घातली.

१२ मे

मतदान झालं. ह्यांनी काम धरलं. मला न विचारता. ऋषिराजच्या शेततळ्यावर राखण, दिवसपाळी. हातात काठी देतात, भाकरी देतात. काम काय तर रानोमाळ हिंडणारी मेंढरं-गुरं तळ्याकडं आली की हाकलायची.

मी म्हणलं, "आवं, तुमी? मेंढरं हाकलायची?"

"पाणी हाय तिथं," हे म्हणले. "काठोकाठ. तळ्यात पाईप कुठनं येतो दावू का तुला?"

"नको," म्हणलं.

आत्ती डोणीपाशी बसून असतात. डोणीला तळापातूर तडा गेलाय. आत्तींनी त्यात मेण आन राळ भरली. 

२१ मे

टँकर आला. चालू केला बाईंनी, शब्दाला जागल्या. पप्पू नारळ घेऊन पळत आला. "वहिनी, टँकरपाशी हुबं रहा, एकच फोटो." नारळ त्याच्या हातातनं घेतला आन हिरीच्या मागं फेकून दिला. "फोटो काढलास तर तुझं दुकान जाळीन," म्हणलं. घागर शेवटचीच लावली. आज कुणी लाव म्हणलं नव्हतं.

आत्तींनी आपल्या वाट्याचं सगळं पाणी डोणीत वतलं. दारात मेंढरू न्हाई. "कोरडी ठिवली तर तडकती," म्हणल्या. तडकल्यालीच हाय. हळूहळू गळत हुती. 

दुपारी रस्त्याकडनं कळप आला. माणदेशातला म्हातारा धनगर, घोंगडं खांद्यावर, तोंड सुकून गेल्यालं. मेंढरं नुसती जिभा काढून. तलावाच्या बांधावर चढला, आत बघितलं, आन तसाच उभा राह्यला. मग आमच्या वाडीकडं उतरला.

"बाई, निवडणुकीचं फडकं वाऱ्यानं उडालंय त्या बोर्डावरचं. म्हणून वाकडी वाट केली. तलाव भरलाय म्हणून लिवलंय."

आत्ती उठल्या. "डोणीत घोट घोट हाय, कोकरास्नी पाज," म्हणल्या. म्हाताऱ्यानं मोठ्या मेंढरांस्नी काठी आडवी धरून थांबवलं आन कोकरं तेवढी सोडली. ती पिताना आत्तींनी तड्यावर हात दाबून धरला हुता.

म्हातारा माझ्याकडं बघत हुता. नजर माझ्या तोंडावरनं हलंना.

"बोर्डावर तुमीच हायसा नव्हं? जांभळ्या लुगड्यात?"

"न्हाई," मी म्हणलं. "ती मी न्हवं."

आत्तींनी मान वर केली न्हाई. म्हाताऱ्यानं "आसंल, आसंल" म्हणून हात जोडले आन कळप वळवला, ऋषिराजच्या तळ्याच्या दिशेनं. तिकडं हे काठी घेऊन बसल्यात.